निद्रानाशावर न्यूरोफीडबॅक : दावा आणि पुरावा

न्यूरोफीडबॅक म्हणजे मेंदूतील विद्युत लहरी मोजून त्या ज्याच्या त्यालाच तत्काळ दाखवण्याची पद्धत. डोक्याच्या त्वचेवर इलेक्ट्रोड लावतात, संगणक लहरींची वेगानुसार विभागणी करतो, आणि हवी ती लहर वाढली की पडद्यावरचे चित्र पुढे सरकते किंवा सुखद आवाज येतो. नको ती लहर वाढली की चित्र थांबते. अर्ध्या-पाऊण तासाच्या अशा वीस ते चाळीस बैठका साधारणपणे सुचवल्या जातात. निद्रानाशात बहुधा सेकंदाला १२ ते १५ आवर्तनांची लहर वाढवण्यावर भर असतो, कारण गाढ झोपेच्या आधीच्या टप्प्यात उमटणारे ‘स्पिंडल’ नावाचे लहरींचे झुबके साधारण याच वेगाचे असतात. दिवसा ही लहर बळकट केली की रात्रीची झोप गोळीवाचून सुधारते, असा या पद्धतीच्या पुरस्कर्त्यांचा पक्ष आहे.

या पक्षामागे खरे संशोधन आहे, आणि ते मान्य केल्यावाचून खंडन प्रामाणिक होणार नाही. हान्स बर्गर यांनी जर्मनीत येना येथे १९२४ मध्ये माणसाच्या मेंदूची पहिली विद्युत नोंद घेतली आणि १९२९ मध्ये ती प्रसिद्ध केली. १९५० च्या दशकाच्या अखेरीस शिकागो येथे जो कामिया यांनी दाखवले, की सरावाने माणसाला आपली अल्फा लहर ओळखता येते. कॅलिफोर्नियात बॅरी स्टरमन यांनी मांजरांना १२ ते १५ आवर्तनांची लहर निर्माण केल्याबद्दल खाऊ दिला. मांजरे ते शिकलीच, शिवाय त्यांच्या झोपेतील स्पिंडलही वाढले, असे १९७० च्या त्यांच्या शोधनिबंधात नोंदले आहे. मांजराला उपचारावर श्रद्धा नसते, म्हणून हा पुरावा वजनदार ठरतो. २००८ मध्ये ऑस्ट्रियातील साल्झबर्ग येथे २७ निरोगी व्यक्तींवर असाच प्रयोग झाला आणि दहा बैठकांनंतर झोप लागण्याचा अवधी कमी झाल्याचे दिसले.

प्रश्न यापुढे सुरू होतो. निरोगी माणसाची लहर बदलणे आणि वर्षानुवर्षे झोप न लागणाऱ्या रुग्णाला बरे करणे या दोन गोष्टी वेगळ्या आहेत. आठवड्यातून किमान तीन रात्री, किमान तीन महिने झोपेची तक्रार राहिली आणि तिचा दिवसाच्या कामावर परिणाम होऊ लागला, की निद्रानाश जुनाट मानतात. अशा रुग्णांवर पीटर हाउरी यांनी १९८१ मध्ये ४८ जणांचा आणि पुढच्या वर्षी १६ जणांचा अभ्यास केला. ज्यांचा त्रास ज्या प्रकारचा त्यांना त्याला साजेसा सराव मिळाला तरच फायदा दिसला. ही खूण आशादायक होती, पण संख्या लहान होती, आणि पुढची तीन दशके बहुतेक अभ्यास तितकेच लहान, कित्येकदा तुलनेसाठी दुसरा गटही नसलेले राहिले.

निर्णायक कसोटी साल्झबर्गच्याच गटाने लावली. २०१७ मध्ये ‘ब्रेन’ या नियतकालिकात प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात निद्रानाशाच्या रुग्णांना बारा बैठका खऱ्या न्यूरोफीडबॅकच्या आणि बारा बैठका नकली फीडबॅकच्या देण्यात आल्या. कोणती खरी, कोणती नकली, हे रुग्णाला माहीत नव्हते आणि सराव करून घेणाऱ्यालाही नव्हते. रुग्णांना आपली झोप सुधारल्याचे वाटले. पण खऱ्या आणि नकली, दोन्ही बैठकांनी ते सारखेच वाटले. रात्रभर यंत्र लावून केलेल्या झोपेच्या मोजणीत मात्र फरक दिसला नाही. आपल्याच २००८ च्या आशेला या संशोधकांनी कठोर परीक्षेला बसवले आणि निकाल विरुद्ध आल्यावर तो छापला. विज्ञानाचे हे खरे काम आहे, आणि न्यूरोफीडबॅकच्या जाहिरातींत या निकालालाही जागा मिळायला हवी.

यावर पुरस्कर्त्यांचे उत्तर असते, की रुग्णाला बरे वाटले ना, मग कारण कोणतेही असो. उत्तर वरवर दयाळू आहे. बरे वाटणे खोटे नसते. निद्रानाश ही मुळात अनुभवाचीच तक्रार आहे. कोणी नियमाने वेळ दिला, काळजीने ऐकले, भरवसा दिला, तर मन निवते आणि झोपेची धास्ती कमी होते. संशोधकांनी सुधारणेचे श्रेय याच गोष्टींना दिले. पण गुण जर भरवशाचा आणि काळजीचा असेल, तर पैसे यंत्राचे का घ्यायचे? शिवाय निद्रानाश कमीजास्त होत राहतो आणि माणूस उपचाराला येतो तो बहुधा सर्वांत वाईट दिवसांत. पुढचे काही आठवडे काहीही केले तरी थोडे बरेच जातात.

मिरजगावसारख्या गावातून पाहिले की या प्रश्नाची धार कळते. कर्जत तालुक्यातील हे बाजारपेठेचे गाव नगर-सोलापूर रस्त्यावर आहे. अशी यंत्रे असलेली केंद्रे पुण्या-मुंबईसारख्या शहरांत असतात. वीस बैठका म्हणजे वीस वेळा एसटीचा प्रवास आणि वीस दिवसांचा बुडालेला रोजगार. एवढी किंमत मागणाऱ्या उपचाराने नकली उपचारापेक्षा अधिक काही द्यायला हवे, ही अपेक्षा वाजवी आहे. घरी वापरायच्या पट्ट्यांनी प्रवास वाचतो, शंका मिटत नाही. मेंदूची लहर त्वचेवर काही दशलक्षांश व्होल्ट इतकीच पोचते आणि कपाळाचे व जबड्याचे स्नायू नुसते आवळले तरी त्यांची वीज तिच्यात मिसळते. जाणकार तंत्रज्ञ नसेल तर आपण मेंदू शिकवतो आहोत की कपाळ सैल सोडतो आहोत, हेच ठरत नाही.

दुसरा युक्तिवाद योगाचा आधार घेतो : मनाने शरीरावर ताबा मिळवणे ही आपलीच परंपरा, न्यूरोफीडबॅक हे तिचे आधुनिक रूप. बर्गर यांनी पहिली नोंद घेतली त्याच १९२४ मध्ये स्वामी कुवलयानंदांनी लोणावळ्यात कैवल्यधाम स्थापन केले आणि ‘योगमीमांसा’ हे नियतकालिक सुरू केले. आसने आणि प्राणायाम यांचा शरीरावर काय परिणाम होतो, हे त्यांनी क्ष-किरण आणि दाबमापक वापरून तपासले. परंपरेची थोरवी मोजमापाच्या जागी चालणार नाही, ही त्यांची भूमिका होती. त्यांचा वारसा सांगायचा तर नकली फीडबॅकशी तुलनाही मान्य करावी लागते.

तिसरा युक्तिवाद सर्वांत बळकट आहे : गोळ्या वाईट, म्हणून गोळीविना जे काही असेल ते चांगले. यातला पहिला भाग खरा आहे. अल्प्राझोलाम, डायझेपाम, नायट्राझेपाम, झोल्पिडेम ही औषधे २०१३ मध्ये ‘एच-१’ या अनुसूचीत घातली गेली. ती देताना दुकानदाराने डॉक्टरचे आणि रुग्णाचे नाव वेगळ्या वहीत नोंदवून ती वही तीन वर्षे ठेवायची असते. सवय लागणे, स्मृती मंदावणे, म्हातारपणी रात्री उठताना पडणे हे धोके माहीत असलेलेच आहेत. पण दुसरा भाग पहिल्यातून निघत नाही, आणि त्याच्या पोटात मोठा धोका आहे. यंत्रावर विसंबून कोणी अनेक वर्षांची अल्प्राझोलाम किंवा डायझेपामची गोळी एका रात्रीत बंद केली, तर झोप तर जातेच, पण झटकेही येऊ शकतात. अशी औषधे डॉक्टरांच्या सल्ल्याने, मात्रा हळूहळू उतरवत, आठवडे किंवा महिने लावूनच सोडवावी लागतात.

तेव्हा गोळीवाचून झोप हे ध्येय योग्य आहे. त्याचा सिद्ध मार्ग दुसरा आहे आणि त्याला संगणक लागत नाही. अमेरिकन कॉलेज ऑफ फिजिशियन्सने २०१६ मध्ये आणि युरोपीय निद्रासंशोधन संस्थेने २०१७ मध्ये जुनाट निद्रानाशावर पहिला उपचार म्हणून निद्रानाशासाठीच्या वर्तनोपचाराची शिफारस केली. त्याचे दोन खांब आहेत. १९७२ मध्ये रिचर्ड बूटझिन यांनी मांडलेला नियम असा : झोप दाटली तरच अंथरुणावर जायचे, थोड्या वेळात लागली नाही तर उठून दुसरीकडे बसायचे, परत झोप आली की परतायचे, आणि सकाळी उठण्याची वेळ काही झाले तरी बदलायची नाही. अंथरूण आणि तळमळ यांची पडलेली गाठ यामुळे सुटते. दुसरा खांब आर्थर स्पीलमन यांचा १९८७ चा. आठ तास पडून पाच-साडेपाच तास झोप होत असेल, तर काही दिवस पडण्याची वेळच तेवढी करायची, पण पाच तासांखाली न्यायची नाही. झोप सलग झाली की दर आठवड्याला पंधरा-वीस मिनिटे वाढवायची. पहिले दोन आठवडे अवघड जातात. दिवसा पेंग येते. म्हणून ट्रक किंवा एसटी चालवणाऱ्यांनी, फेफरे येणाऱ्यांनी आणि उन्माद-नैराश्याचा आजार असलेल्यांनी हा उपाय देखरेखीशिवाय करू नये. नुसत्या ‘चहा कमी घ्या, मोबाईल बाजूला ठेवा’ या सूचनांनी जुनाट निद्रानाश हटत नाही, हेही तपासून झाले आहे.

हे गावात कोण शिकवणार, या शंकेला इंग्लंडमधील एका मोठ्या चाचणीने उत्तर दिले आहे. २०२३ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये आलेल्या या चाचणीत ६४२ रुग्ण होते. साध्या दवाखान्यांतील परिचारिकांना थोडे प्रशिक्षण देऊन त्यांच्याकडून चार बैठकांत झोपेची वेळ आखून घेतली. सहा महिन्यांनी या रुग्णांचा निद्रानाश फक्त सूचनापत्रक मिळालेल्यांपेक्षा स्पष्टपणे कमी होता. उपकेंद्रातील समुदाय आरोग्य अधिकारी किंवा परिचारिका हे काम मराठीत, शाळेच्या वहीत झोपेची नोंद ठेवायला लावून करू शकते. मनाच्या त्रासासाठी १४४१६ हा टेली-मानसचा क्रमांक २०२२ पासून उपलब्ध आहे. मोठ्याने घोरणे आणि झोपेत श्वास अडणे, पायांची वळवळ, थायरॉइड किंवा नैराश्य असेल, तर आधी त्यांचा इलाज.

एका प्रकारची झोपमोड मात्र न्यूरोफीडबॅकच्या आणि वर्तनोपचाराच्याही आवाक्याबाहेर आहे. कृषिपंपांना वीज पाळीने मिळते. काही दिवस दिवसा, काही दिवस रात्री. रात्रीची लाईट आली की कांद्याला किंवा उसाला पाणी द्यायला शेतकरी विंचूकाट्यात, बिबट्याच्या भीतीत दारे धरायला जातो. आठवड्या-आठवड्याला झोपेची वेळ फिरली, तर शरीराचे घड्याळ बसणार कसे? त्याच्या मेंदूत बिघाड नाही. बिघाड वेळापत्रकात आहे. दिवसा वीज देण्यासाठी २०१७ मध्ये मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना सुरू झाली आणि २०२३ मध्ये तिचा दुसरा टप्पा आला. ती प्रत्येक फीडरवर पूर्ण होणे हा कर्जत तालुक्यासाठी झोपेचाही उपचार आहे, आणि तो आरोग्याच्या मागण्यांत मांडला गेला पाहिजे.

न्यूरोफीडबॅकचे संशोधन थांबावे असे यातून निघत नाही. हाउरी यांनी दाखवलेली रुग्णानुसार सरावाची दिशा मोठ्या संख्येवर, नकली फीडबॅकशी आणि वर्तनोपचाराशी तुलना करून तपासली जावी. तोवर हा सराव संशोधनाचा भाग म्हणून, रुग्णाची लेखी संमती घेऊन आणि त्याच्याकडून पैसे न घेता द्यावा.