लाटा आणि पोलादाचा शीण

ज्यांचा मुलगा बोटीवर नोकरीस आहे अशा घरीं वादळाची वार्ता आली कीं सर्वांचा जीव खालींवर होतो. तें स्वाभाविकच आहे. परंतु मोठ्या जहाजाचें पोलाद थकतें तें बहुतांशीं रोजच्या मध्यम लाटांनीं, हें आमच्या वाचकांपैकीं थोड्यांसच ठाऊक असेल.

लाटेचा माथा जहाजाच्या मध्याखालीं आला म्हणजे दोन्ही टोंकें खालीं लवूं पाहतात व डेकवर ताण पडतो. माथे टोंकांखालीं गेले म्हणजे मध्यभाग लवतो व ताण तळाकडे जातो. लाटेची लांबी जहाजाच्या लांबीच्या जवळपास असली तर हें वांकणें फारच वाढतें. दर ८ सेकंदांस एक लाट धरली तर २५ वर्षांत सुमारें १० कोटि वेळां हा प्रकार घडतो. पत्र्याच्या डब्याचें झांकण रोज उघडून मिटून अखेर बिजागरीपाशीं तुटतें, तसेंच हें. त्यांतहि ताणाचा चढउतार दुप्पट झाला तर वेल्डिंगच्या सांध्याची हानि सुमारें ८ पट होते. म्हणून कोणत्या समुद्रांत फेऱ्या होतात यास फार महत्त्व आहे.

अलास्कांतील वाल्डीझ बंदरांतून १९७७ सालापासून तेल नेणाऱ्या अमेरिकन जहाजांस तेथील खवळलेल्या समुद्रांत पुढील दशकांत इतक्या भेगा पडल्या कीं अमेरिकेच्या तटरक्षक दलास स्वतंत्र चौकशी करावी लागली. त्याच सुमारास अधिक बळकट पोलाद घेऊन पत्रे पातळ करण्याची प्रथा जहाजबांधणींत पसरली होती. एका जोराच्या धक्क्यास असें पोलाद खरोखरच अधिक टिकतें. मात्र पोलाद बळकट म्हणून त्याचा सांधा उशिरां थकतो, असें नाहीं! ताण वाढला, सांधा होता तसाच राहिला. कांहीं प्रचंड तेलवाहू जहाजांच्या बाजूंस, जेथें लाट दाबते व सोडते तेथेंच, थोड्या वर्षांत भेगा दिसल्या. ही काटकसर आम्हांस तरी महागाचीच वाटते.

तेलवाहू जहाजांसाठीं २००६ सालीं लागू झालेल्या आंतरराष्ट्रीय नियमांनीं उत्तर अटलांटिकच्या लाटा व २५ वर्षांचें आयुष्य धरून हा शीण आधींच मोजण्याचें बंधन घातलें. तरीहि भेग शोधावयास माणूसच लागतो. रिकाम्या टाकींत विजेरी घेऊन उतरावयाचें, आणि गंज व तेलाच्या थराखालीं केसाएवढी रेघ हुडकावयाची. टाकीची उंची कित्येक मजल्यांची असते.