‘गं’ कुठे गेला?



गेल्या अंकासाठी एका गावातल्या बायकांच्या गटाने जात्यावरच्या ओव्यांची वही पाठवली होती. जागा कमी, म्हणून प्रत तयार करताना मीच ओळीओळीतले ‘गं’, ‘बाई’, ‘सयांनो’ गाळले. अर्थ तर तोच राहतो, असे वाटले. अंक गटात वाचला गेला तेव्हा एक आजी म्हणाल्या, “छापलंय छान, पण हे जात्यावर बसत न्हाई.”

त्या छंदाबद्दल बोलत होत्या. ज्ञानेश्वरीतल्या ओवीचे पहिले तीन चरण यमकाने बांधलेले, चौथा आखूड आणि मोकळा. जात्यावरची ओवी बहुधा दोन लांब ओळींची. शेवटी यमक जुळले की झाले. अक्षरांची मोजणी सैल, कारण माप हाताच्या फेऱ्याचे. फेऱ्याला अक्षर कमी पडले की ‘गं’ येतो, ‘बाई’ येते. मी पालापाचोळा समजून झाडले ते सांधे होते.

नुकसान तेवढेच नाही. ‘गं’ म्हणजे समोर कोणीतरी आहे. खुंट्याला दुसरा हात लावणारी जाऊ असेल, शेजारीण असेल. तो काढल्यावर सासुरवासाची ओवी एकटीचे रडगाणे झाली. वहीत ती दोघींमधली कुजबूज होती, थोडी चेष्टासुद्धा. आपण मात्र शिबिरात ओवी फळ्यावर लिहितो आणि विचारतो, ‘यात शोषण कुठे दिसते?’ (समाजकार्याच्या वर्गात मीही हेच शिकले.) भाव तेवढ्याने हाती लागत नाही.

बहिणाबाई चौधरींची गाणी त्यांच्या मृत्यूनंतर, १९५२ साली पुस्तकरूपाने आली. त्यातली संसारावरची प्रसिद्ध कविता आपल्या कार्यक्रमांत हमखास रडवेल्या आवाजात म्हटली जाते. ती आठ-आठ अक्षरांवर ठेका धरून म्हणून पाहा. चाल चटक्यापाशी अडखळत नाही आणि भाकरीपाशी धावतही नाही. हा सूर तक्रारीचा नाही, उपदेशाचाही नाही. कामाला बसलेल्या बाईचा आहे.

हेमा राईरकर आणि गी पॉइटवाँ यांच्या पुढाकाराने एक लाखाहून अधिक ओव्या जमवल्या गेल्या, त्या गाणाऱ्या बायांच्या नावागावासकट. आम्हाला वीस ओव्याही नीट उतरवता आल्या नाहीत.

या अंकात त्या पुन्हा छापत आहोत, एकही ‘गं’ न गाळता. त्यासाठी दीड पान लागले. पुस्तक परीक्षण पुढच्या अंकात.