विश्लेषण : ऑस्कर मिळते, तरी व्हीएफएक्स कंपन्या का बुडतात?

मार्च २०२५च्या सुरुवातीला ‘ड्यून : पार्ट टू’ला दृश्य परिणामांचे (व्हीएफएक्स) ऑस्कर मिळाले. त्याच्या जेमतेम आठवडाभर आधी, ‘द जंगल बुक’ आणि ‘१९१७’साठी हाच पुरस्कार मिळवणाऱ्या एमपीसी स्टुडिओची मालक कंपनी टेक्निकलर कोसळली. बेंगळूरु आणि मुंबईतील स्टुडिओंना टाळे लागले, सुमारे तीन हजार भारतीय कर्मचारी घरी बसले. कामाला मागणी असताना असे का झाले?

हे पहिल्यांदाच घडले?

नाही. ‘लाइफ ऑफ पाय’मधील वाघ बहुतांश दृश्यांत संगणकावर घडवलेला आहे. तो घडवणारी ऱ्हिदम अँड ह्यूज ही कंपनी २०१३च्या ऑस्कर सोहळ्याच्या काही दिवस आधीच दिवाळखोरीत गेली. पुरस्कार स्वीकारताना बिल वेस्टनहोफर कंपनीच्या अवस्थेबद्दल बोलू लागले, तर ‘जॉज’चे संगीत वाजवून त्यांना थांबवण्यात आले. सभागृहाबाहेर शेकडो कलाकार निदर्शने करत होते. मुंबई आणि हैदराबादेतही या कंपनीचे स्टुडिओ होते.

नफा जातो कुठे?

मुख्य दुखणे कंत्राटाचे. व्हीएफएक्सचे काम बहुधा ठोक रकमेवर दिले जाते. घराचा ठेका ठरल्यावर मालकाने भिंत पाडून तीनदा बांधायला लावावी आणि पैसे मात्र तेवढेच द्यावेत, तसा हा प्रकार. दिग्दर्शकाला वाघाची चाल पसंत पडली नाही, तर पुन्हा काम. संकलनात दृश्यच उडाले, तर आधीची मेहनत वाया. मोठे स्टुडिओ मोजकेच असल्याने नाही म्हणण्याची सोय नसते. त्यात ब्रिटन आणि कॅनडातील करसवलतींमागे काम फिरते आणि कंपन्यांना तिथे शाखा थाटाव्या लागतात. २०२३मध्ये हॉलीवूडचे लेखक १४८ आणि कलाकार ११८ दिवस संपावर होते. चित्रीकरणच थांबल्याने पुढील अनेक महिने काम आटले. पगार, भाडे, यंत्रणांचा खर्च मात्र चालूच राहिला. टेक्निकलरवर तर आधीच कर्जाचा बोजा होता.

भारतात कोणते काम होते?

मोठा वाटा रोटोस्कोपीचा, म्हणजे प्रत्येक चौकटीत पात्राची बाह्यरेषा काढून त्याला पार्श्वभूमीपासून वेगळे करण्याचा. सेकंदाला २४ चौकटी, म्हणजे दहा सेकंदांच्या दृश्यासाठी २४०. याशिवाय दोर पुसणे, कॅमेऱ्याची हालचाल जुळवणे. चोख झाले तर दिसू नये, असेच हे काम. कृत्रिम बुद्धिमत्तेचा पहिला घाव याच कामांवर बसण्याची भीती आहे.

श्रेय तरी मिळते का?

तेही अपुरेच. ‘ओपनहायमर’ संगणकीय प्रतिमांविना बनल्याचा गाजावाजा झाला. प्रत्यक्षात डीएनईजी कंपनीने त्याच्या दृश्यांवर काम केले होते आणि तिच्या अनेक कलाकारांची नावे श्रेयनामावलीत आलीच नाहीत. सप्टेंबर २०२३मध्ये मार्व्हलच्या व्हीएफएक्स कर्मचाऱ्यांनी एकमताने संघटनेच्या बाजूने कौल दिला. भारतात अशी सौदाशक्ती अजून दूर आहे.

‘रामायण’ वेगळे कसे?

रणबीर कपूरच्या ‘रामायण’चा पहिला भाग दिवाळी २०२६, तर दुसरा दिवाळी २०२७साठी जाहीर झाला आहे. निर्माते नमित मल्होत्रा हेच डीएनईजीचे प्रमुख. मुंबईत सुरू झालेल्या त्यांच्या प्राइम फोकसमध्ये ही ब्रिटिश कंपनी २०१४मध्ये आली; ‘ड्यून’चे ऑस्करही तिच्याच नावावर आहे. म्हणजे इथे काम देणारा आणि करणारा एकच. भिंत पुन्हा बांधायची झाली, तर खर्च त्यांच्याच खिशातून जाईल आणि चित्रपट चालला तर नफ्यातही वाटा असेल. रोटो करणाऱ्याच्या पगारात त्याने किती फरक पडेल, हा प्रश्न मात्र वेगळा.