मैदान मोकळे राहू द्या

आपल्या शाळेचे मैदान काळ्या मातीचे. पावसाळ्यात गुडघाभर चिखल, उन्हाळ्यात हातभर भेगा. तरीही शाळा सुटली की तेथे मुले जमतात आणि मराठी, तेलुगू, उर्दू, गोंडी अशा सगळ्या भाषांतून एकच गलका चालतो. अलीकडे मात्र या मैदानावर कधी लग्नाचा मांडव, तर कधी वाळू-गिट्टीचे ढीग दिसतात. मुले रस्त्यावर जाऊन खेळतात. विचारले तर उत्तर मिळते, "खेळून काय पोट भरते?"

या प्रश्नाचे उत्तर फार दूर नाही. पैनगंगा ओलांडून हमरस्त्याने सुमारे दोनशे किलोमीटर गेले की नागपूर. तेथील हिस्लॉप महाविद्यालयात विजय बारसे हे क्रीडा शिक्षक होते. २००१ साली भर पावसात झोपडपट्टीतील काही मुले फुटकी बादली लाथाडत खेळताना त्यांना दिसली. त्यांनी मुलांना फुटबॉल दिला, त्यांच्या स्पर्धा भरवल्या. 'झोपडपट्टी फुटबॉल' या नावाला लोक हसले, पण सरांनी नाव बदलले नाही. निवृत्तीनंतर मिळालेल्या पैशातून त्यांनी नागपूरजवळ जमीन घेतली. पुढे मुलगा अभिजीत अमेरिकेतून परत येऊन त्याच कामाला लागला. बेघरांच्या जागतिक फुटबॉल स्पर्धेसाठी भारताचा संघ तयार करण्याचे काम याच संस्थेने केले. २०१० साली ती स्पर्धा ब्राझीलमधील रिओ येथे झाली, तेथेही भारताचा संघ उतरला. २०१६ साली 'फिफा'ने संस्थेला आपला विविधता पुरस्कार दिला. २०२२ सालचा नागराज मंजुळे यांचा 'झुंड' हा चित्रपट बारसे सरांच्याच कामावर आधारलेला आहे.

त्याच २०१६ साली, आपल्या जिल्ह्याचे चार जिल्हे झाले त्या वर्षी, तिकडे दक्षिण अमेरिकेतही एक नवल घडले. इक्वेडोर देशातील सांगोल्की या गावचा 'इंदिपेंदिएन्ते देल व्हाये' हा छोटा क्लब रिव्हर प्लेट आणि बोका ज्युनियर्स या अर्जेंटिनातील बलाढ्य संघांना हरवून त्या खंडातील सर्वात मोठ्या क्लब स्पर्धेच्या अंतिम फेरीत पोहोचला. तो २०१० सालीच पहिल्या श्रेणीत आलेला होता. त्या वर्षी देशात मोठा भूकंप झाला, तेव्हा क्लबने आपल्या सामन्यांच्या तिकिटांचे पैसे भूकंपग्रस्तांना दिले. अंतिम सामना ते हरले. पण २०१९ आणि २०२२ साली त्यांनी खंडातील दुसरी मोठी स्पर्धा जिंकली.

या क्लबमागे उद्योजकांचा पैसा होता, हे खरे. बारसे सरांकडे तो नव्हता. मग दोघांत सारखे काय? दोघांनीही तयार खेळाडू विकत आणून नाव मिळवण्याचा मार्ग धरला नाही. त्यांनी लहान मुलांपासून सुरुवात केली. इक्वेडोरच्या क्लबने सरावाबरोबर मुलांच्या शिक्षणाचीही सोय केली. तेथे घडलेला मोइसेस काइसेदो पुढे इंग्लंडच्या चेल्सी संघात गेला. नागपुरातील सगळी मुले नामवंत खेळाडू झाली नाहीत, पण वाया जाऊ शकली असती अशी कित्येक मुले वेळेवर मैदानात येऊ लागली. आमच्या मते हे यश चषकापेक्षा लहान नाही.

आम्हांस याची काळजी एका खास कारणाने वाटते. १९५६ साली राज्यांच्या सीमा ठरल्या. किनवट, राजुरा तिकडे गेले, आपण इकडे राहिलो. तेव्हापासून मराठी शाळा टिकवणे हेच आपले मोठे काम झाले आहे. आज वर्गातील बाक रिकामे होत आहेत. 'मातृभाषेतून शिका' असे नुसते सांगून मूल शाळेत येणार नाही. शाळेत यावेसे वाटले पाहिजे. शाळेचा स्वतःचा संघ असेल, तर ते वाटेल.

दहावीच्या वर्षाची पालकांना वाटणारी चिंता आम्ही समजू शकतो. म्हणून फार काही मागत नाही. मैदान मांडवासाठी व साहित्य ठेवण्यासाठी देणे बंद करावे. आठवड्यातून दोन संध्याकाळी एका शिक्षकाने शिट्टी घेऊन उभे राहावे. आणि मुलींनाही संघात घ्यावे; त्यांना नुसते टाळ्या वाजवायला बसवू नये.

मांडवाच्या भाड्याचे चार पैसे शाळेला मिळतात, हे आम्ही जाणतो. ते पैसे आपण माजी विद्यार्थी वर्गणी काढून भरून देऊ. पण आज मैदान गेले, तर ते उद्या कोणत्याही वर्गणीने परत मिळणार नाही.