वाशांची उघडी टोके

हल्ली आमच्याकडे घराशेजारी गाडीसाठी गॅरेज बांधताना एक नवीनच फॅड निघाले आहे. वर मंगळुरी कौले, खाली लाकडी वासे, आणि त्या वाशांची टोके कौलांच्या पुढे हातभर उघडी काढलेली. पोर्तुगीज काळातला थाट म्हणे! मी जुनी घरे बरीच पाहिली आहेत. शहाण्या मेस्ताने वाशाचे टोक असे पावसात सोडलेले मला तरी आठवत नाही. आमच्याकडे वर्षाला १०० इंचांहून अधिक पाऊस पडतो, हे त्यांना कोणी सांगावे लागत नसे.

दोन-चार पावसाळे गेले की टोके काळी पडतात, नख लावले तर भुसा निघतो. मग मालक लाकडाला दोष देतो. अहो, लाकूड भिजल्याने कुजत नाही, भिजलेले राहिल्याने कुजते. ओल २० टक्क्यांच्या खाली असली तर कुजवणारी बुरशी त्यात वाढतच नाही. आणि कापलेले टोक म्हणजे बारीक नळ्यांची उघडी तोंडे. झाड ज्या वाटेने पाणी वर नेत होते, त्याच वाटेने पाऊस आत शिरतो.

बरे, आमची रंग लावायची वेळ कुठली? चवथीच्या आठ दिवस आधी! पाहुणे येणार ना. पावसाने फुगलेल्या लाकडावर चकचकीत वार्निश फासले की आतली ओल आतच कोंडते. पुढे उन्हाने पापुद्रा तडकतो, चिरेतून आणखी पाणी जाते आणि बाहेर पडायला वाट नसते. मी सरकारी कारकून. नुसती आवक आहे आणि जावक नाही अशा फाईलचे काय होते, ते मला विचारा.

खरा उपाय कौलांचाच. रिपा पुढे घेऊन एक ओळ वाढवावी, नाहीतर टोके सरळ आत कापून घ्यावीत. उघडी ठेवायचीच हौस असेल तर टोक तिरपे कापून वाशाच्या पाठीवर पत्र्याची टोपी बसवावी, पण खालून मोकळी, वारा खेळेल अशी. तेल-रंग त्यानंतर, आणि तेही एप्रिल-मेच्या कडक उन्हात, मिरगाच्या आधी. होड्यांना लावतात ते काजूच्या टरफलांचे तेल टोकांना दोन-तीन हात द्यावे. मात्र हातमोजे घालून, नाहीतर कातडी सोलवटते.

हे सगळे लिहायचे कारण, डिचोलीला माझ्या मामाकडे गोठ्याचे गॅरेज झाले. वासे माट्टीचे, आजोबांच्या वेळचे. कंत्राटदाराने 'लूक' यावा म्हणून पुढची कौलांची ओळ उतरवली आणि चार वर्षांत टोके गेली. आता मामेभाऊ म्हणतो, सगळे काढून स्लॅब घालू. माट्टी आमचा राज्यवृक्ष. १९८४च्या वृक्षसंरक्षण कायद्यामुळे स्वतःच्या जमिनीतले झाड तोडायलाही परवानगी लागते. असे वासे एकदा सरपणात गेले की परत कुठून आणणार?

भिंतीवर टेकतात तिथे मी एकेक वासा ठोकून पाहिला. आवाज खणखणीत आहे. दीड हात कापले की काम भागेल. मामेभाऊ 'बघू' म्हणाला आहे. मेस्ताला मात्र मी शिगम्यानंतरचा वार सांगून ठेवला आहे.