नव्या माशांसाठी वेगळी टाकी : शेततळ्याचा पहिला खर्च

घोड नदीच्या काठी वसलेले इनामगाव पुराणवस्तुसंशोधकांच्या दृष्टीने सुप्रसिद्ध आहे. पुण्याच्या डेक्कन कॉलेजने १९६८ ते १९८३ या काळात तेथे उत्खनन केले आणि सुमारे साडेतीन हजार वर्षांपूर्वीच्या शेतकऱ्यांची वस्ती उजेडात आणली. त्या वस्तीत धान्याचे कोठार आढळले, तसेच पाण्याचा पाट व त्यालगतच्या बांधाचे अवशेषही आढळले. पाणी अडवावे, वळवावे व जपून वापरावे ही विद्या या भूमीस नवी नाही. नवे आहे ते शेततळे आणि त्या तळ्यात मासे वाढविण्याची हौस. राज्य शासनाने २०१६ साली ‘मागेल त्याला शेततळे’ ही योजना सुरू केल्यानंतर पिकासाठी साठविलेल्या पाण्यात रोहू, कटला, मृगळ सोडून जोडउत्पन्न मिळवावे, हा विचार अनेक शेतकरी बंधूंच्या मनात रुजला आहे. तो विचार योग्यच आहे. परंतु त्याच्या अंदाजपत्रकात बहुधा एक बाब राहून जाते. खोदाई, प्लास्टिकचे अस्तर, मत्स्यबीज व खाद्य यांचा खर्च धरला जातो. नवे मासे काही दिवस वेगळे ठेवण्यासाठी लागणाऱ्या लहान टाकीचा खर्च मात्र कोणी धरीत नाही. वास्तविक तोच पहिला खर्च असावयास हवा.

बाजारातून आणलेली गाय लागलीच गोठ्यातील जनावरांत बांधू नये, हे जाणत्या शेतकऱ्यास सांगावे लागत नाही. लाळ-खुरकतीचा अनुभव घराघरांत आहे. २०२२ साली लम्पी चर्मरोगाच्या साथीत राज्यातील गुरांचे बाजार बंद ठेवावे लागले, तेव्हा या शहाणपणाचे मोल सर्वांस पुन्हा पटले. मग गाईस जो नियम, तो माशास का नसावा? उलट माशाच्या बाबतीत त्याची निकड अधिक आहे. आजारी जनावर दावे सोडून दुसरीकडे बांधता येते, परंतु तळ्यात शिरलेला रोग पाण्याबरोबर सर्वत्र पसरतो आणि हजार माशांतून आजारी मासा निवडून काढणे कोणासही साधत नाही.

विक्रेत्याकडील बोटुकली तजेलदार दिसते, एवढ्यावर विसंबणे हितावह नाही. आरग्युलस नावाची माशांची ऊ कातडीस चिकटून रक्त शोषते. तिची मादी मासा सोडून दगडांवर व काठावर अंडी घालते आणि ती अंडी उबदार पाण्यातही फुटावयास दोन ते तीन आठवडे घेऊ शकतात. पांढऱ्या ठिपक्यांच्या रोगाचा सूक्ष्म जीव प्रथम माशाच्या कातडीत वाढतो, नंतर गळून तळाशी जातो, तेथे एकाचे शेकडो होऊन पुन्हा मासा शोधतो. पाणी थंड असल्यास हे चक्र लांबते. म्हणजेच माशास लागण झालेली असते आणि खूण मात्र दिसत नाही, असा काळ असतोच. तो काळ वेगळ्या टाकीत जावा, तळ्यात जाऊ नये, एवढाच या उपायाचा अर्थ होय.

समुद्रातील शोभिवंत मासे काचेच्या पेटीत पाळणाऱ्यांनी हा धडा फार नुकसान सोसून घेतला आहे. त्यांच्या माशांसही अशाच ठिपक्यांचा रोग होतो व त्याचे कोश वाळूत आठवडेच्या आठवडे टिकून राहतात. म्हणून जाणते लोक नवा मासा वाळू व खडक नसलेल्या मोकळ्या टाकीत महिनाभर एकटा ठेवतात आणि त्याच्या आडोशास फक्त नळीचा तुकडा टाकतात. त्यांचे पाणी खारे व शेततळ्याचे गोडे, रोगजंतूही निराळे. तथापि नियम दोहोंकडे एकच.

दहा गुंठ्यांच्या तळ्यास साधारणपणे पाचशे ते हजार बोटुकली लागते. पाचशेंच्या तुकडीसाठी तीन मीटर लांब, दोन मीटर रुंद व एक मीटर खोल अशी सिमेंटची किंवा ताडपत्रीची टाकी पुरे. ती तळ्यापासून दूर व सावलीत असावी. वर जाळे ताणावे, कारण मासे उडी मारतात. हवा सोडणारा लहान पंप अवश्य बसवावा. टाकीची बादली व जाळे स्वतंत्र असावे; ते तळ्यात कधीही बुडवू नये. रोज प्रथम तळ्याचे काम उरकावे, मग टाकीचे. टाकीतून काढलेले पाणी तळ्यात किंवा ओढ्यात न सोडता शेतात जिरवावे. टाकी लहान असल्याने माशांच्या विष्ठेतून निघणारा अमोनिया लवकर साचतो आणि रोगाऐवजी तोच मासे मारतो. म्हणून खाद्य बेताचे द्यावे, उरलेले काढून टाकावे व रोज चतुर्थांश पाणी बदलावे. मुदत किमान तीन, शक्य तर चार आठवड्यांची ठेवावी. मध्येच रोग दिसल्यास मत्स्यव्यवसाय खात्याच्या अधिकाऱ्यास मासा दाखवून उपचार करावा आणि मुदत पुन्हा पहिल्या दिवसापासून मोजावी. अर्धी मुदत झाली असता टाकीत नव्या माशांची भर घालणे म्हणजे सर्व श्रम वाया घालविणे होय.

यावर आक्षेप असा घेतला जाईल की, बीज पावसाळ्यात मिळते, तेव्हा कामाची घाई असते आणि महिनाभर टाकी सांभाळण्यास माणूस कोठून आणावा? हा आक्षेप अगदीच पोकळ नाही. परंतु तळ्यात साथ आल्यावर औषध शोधीत धावणे म्हणजे तहान लागल्यावर विहीर खणणे होय. त्या वेळी माणूसही लागतो, पैसाही जातो आणि हंगामही हातचा निघून जातो. चारपाच शेजाऱ्यांनी मिळून एकाच वेळी, एकाच ठिकाणाहून बीज आणून एक सामाईक टाकी चालविल्यास खर्च व श्रम दोन्ही वाटले जातील. शेततळ्यास अनुदान देताना अशा टाकीचाही विचार व्हावा, ही अपेक्षा गैर म्हणता येणार नाही.

हा प्रश्न एका तळ्यापुरताही नाही. अतिवृष्टीत तळे भरून वाहिले की पाणी ओढ्याला, ओढ्याचे घोडीला, घोडीचे भीमेला आणि पुढे उजनीच्या जलाशयास मिळते. त्या जलाशयावर भिगवणच्या परिसरातील कित्येक मच्छीमार कुटुंबांचा चरितार्थ अवलंबून आहे. एका ठिकाणी सोडलेला जीव कोठवर जातो, याची साक्ष चिलापी देते. मूळची आफ्रिकेतील ही जात १९५२ साली भारतात आणली गेली आणि आज उजनीच्या पाण्यात ती मुबलक सापडते. माशाची जी गत, तीच त्याच्या अंगावरील रोगाची. इनामगावच्या शिवारातील एका टाकीने जर हा रोग अडला, तर तिचा लाभ खालच्या गावांतील, कधी न भेटलेल्या माणसांनाही मिळेल. पाणी अडविणाऱ्याने पाण्याबरोबर वाहणारी पीडाही अडवावी, हे त्याचे कर्तव्यच समजले पाहिजे.