वसतिगृह नाही म्हणून आधार नाही?

मा. संपादक,

‘वसतिगृहाविना नवा विद्यार्थी एकटा पडतो’ हे आपल्या लेखातील गृहीतक मुंबईला लागू होत नाही. मुंबई विद्यापीठ 1857 पासून मुख्यतः संलग्न महाविद्यालयांतून चालते. विक्रोळीच्या कन्नमवारनगर किंवा पार्कसाइटमधला विद्यार्थी बहुधा घरूनच जातो. लोकलचा प्रवास लेखात निव्वळ वेळेचा नाश ठरवला आहे. प्रत्यक्षात वर्गातल्या ओळखीपेक्षा रोजच्या डब्यातली ओळख पुष्कळदा आधी होते.

राष्ट्रीय सेवा योजनेला ‘प्रमाणपत्रापुरती’ म्हणणे तर अर्धसत्य आहे. प्रमाणपत्रासाठी नाव घालणारे असतात, हे खरे. पण 1969 साली 37 विद्यापीठांत सुरू झालेल्या या योजनेत स्वयंसेवकाला वर्षाला 120 तास काम करावे लागते, शिवाय सात दिवसांचे विशेष शिबिर असते. इतके तास एकत्र राबल्यावर वेगवेगळ्या शाखांची मुले अनोळखी राहत नाहीत. पुण्याच्या विद्यार्थी सहाय्यक समितीनेही 1955 पासून ग्रामीण विद्यार्थ्यांना नुसती खोली दिलेली नाही. ‘कमवा आणि शिका’ची जोड दिली.

‘मदत मागायची कुठे?’ असे विचारणाऱ्या लेखात दोन क्रमांक तरी हवे होते: मानसिक ताणासाठी ‘टेलिमानस’ 14416 आणि रॅगिंगविरोधी मदतवाहिनी 1800-180-5522. दोन्ही निःशुल्क आहेत. ते पुढच्या अंकात ठळक छापावेत.

– एक वाचक, विक्रोळी (पूर्व)